फाटलेल्या पुस्तकांचे सर

त्यांच्या खोलीत बसायला दोन खुर्च्या होत्या, पण त्या समोरासमोर ठेवलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. दोन्ही खिडकीकडे तोंड करून, शेजारी शेजारी. खिडकीतून दिसायचं काय, तर सायकल स्टँड, त्यामागची पत्र्याची भिंत आणि भिंतीवर कुठल्याशा क्लासची जाहिरात, पांढरे कोट घातलेल्या हसऱ्या पोरांची. मी एकदा विचारलं, "सर, समुपदेशन म्हणजे समोर बसवून बोलणं ना?" तर म्हणाले, "समोरासमोर बसलं की दोनच गोष्टी होत्यात मॅडम. भांडण, न्हाईतर सोयरीक. लेकराला दोन्ही नको असतंय."

लातुरात आमची शाळा आणि ज्युनिअर कॉलेज एकाच आवारात आहे. मी तिथे बारावी सायन्सला मराठी शिकवते, म्हणजे ज्या तासाला पोरं बाकाखाली फिजिक्सची गणितं सोडवतात तो विषय. सर आले ते आमच्याच संस्थेच्या देगलूरकडच्या शाळेतून. तिथे ते कार्यानुभवाचे शिक्षक होते. सुतळी वळणं, खडू बनवणं, पुस्तकबांधणी असलं शिकवायचे. अभ्यासक्रम बदलला, कार्यानुभवाचे तास आटले आणि सर 'अतिरिक्त' ठरले. सरकारी भाषेत अतिरिक्त म्हणजे माणूस आहे, पण नसला तरी चालेल असा. नेमकं त्याच महिन्यात प्रत्येक शाळेत समुपदेशक हवा असं परिपत्रक आलं. आमच्या मुख्याध्यापकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि एका दगडात दोन पक्षी मारले.

सरांना दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. येताना ते एक जाडजूड पुस्तिका घेऊन आले. आठवड्याने मी ग्रंथालयात गेले तर आमच्या जुन्या शब्दकोशाला नवं पुठ्ठ्याचं अंग चढलेलं, आणि आतल्या बाजूला छापलेलं, 'किशोरवयीन मनाची ओळख'. मी ते त्यांना दाखवलं. म्हणाले, "पुठ्ठा लई चांगला होता."

ठेंगणे होते. बारा महिने पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि खिशाला पेनाच्या जागी दाभण. खोली सायकल स्टँडमागची, पूर्वीच्या वर्कशॉपची. तिथे शेगडीवर मैद्याची खळ रटरटत असायची आणि कसर लागू नये म्हणून ते तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे. त्या वासाने माझं डोकं उठायचं. स्टाफ मीटिंगमध्ये ते हमखास झोपत. झोपेतून उठून काही तरी मोलाचं बोलत, असंही नाही. उठून चहा आला का विचारत.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना ते 'अक्का' म्हणत आणि मुलांना 'अण्णा'. देगलूरकडची सवय. पोरं सुरुवातीला फिदीफिदी हसायची. मी विचारलं तर म्हणाले, "लहान म्हणलं की लेकरू खोटं बोलतंय. थोरलं म्हणून बघा." मी वर्गात हा प्रयोग करून पाहिला नाही. मला सगळ्यांना 'अगं' आणि 'अरे' म्हणायची सवय, आणि तेव्हा माझं काही चुकतंय असं मला मुळीच वाटत नव्हतं.

सरांच्या खोलीत मुलं यायची ती फाटकी पुस्तकं घेऊन. सर त्यांच्याच हातात सुई-दोरा द्यायचे, स्वतः दाभणाने भोकं पाडायचे, आणि दोघं खिडकीकडे तोंड करून शिवत बसायचे. मला ते दिसायचं आणि संताप यायचा. शासन पगार कशासाठी देतं आणि हा माणूस करतो काय! एकदा मी त्यांना जरा लाडीगोडीने, जरा टोमण्याने म्हणाले, "सर, तुम्ही पुस्तकं नाही, मुलांची मनंच शिवता हो." ते एवढे चिडले की हातातली सुई खाली ठेवली. "पुस्तकच शिवतो मी, मॅडम. लेकरं काय पोती हायेत का शिवायला? खामखा काहीबी बोलू नका." दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एकदा तपासणीला अधिकारी आले. समुपदेशनाचं रजिस्टर मागितलं. सरांनी दिलं. 'समस्येचे स्वरूप' या रकान्यात लिहिलं होतं, 'पाठ सुटली आहे', 'कोपरे दुमडले'. 'उपाययोजना' या रकान्यात, 'चार टाके घातले. दोन दिवस दाबाखाली ठेवले.' मुख्याध्यापकांना घाम फुटला.

"हे पुस्तकांचं झालं," साहेब म्हणाले. "विद्यार्थ्यांचं कुठंय?"

"लेकरांचं लिहून ठेवत न्हाई मी, साहेब. कागद हाय. कुणाच्याबी हाती लागतंय."

"मग मी वर काय कळवू?"

"कळवा की. पुस्तकं लई फाटायलीत म्हणून कळवा."

साहेब भला माणूस होता, शिवाय दमलेला. त्याने रजिस्टर मिटलं आणि स्वतःची डायरी पुढे केली. तिची पाठ निघाली होती. सरांनी ती तिथेच शिवून दिली. शिवता शिवता मला म्हणाले, "बघा मॅडम, वापरून फाटलेलं पुस्तक पाठीकडून सुटतंय, कोपऱ्यातून जातंय. हातानं फाडलेलं मधोमध असतंय, सरळ." मला वाटलं, बांधणीचा धडा देतायत. मी मान डोलावली आणि विसरून गेले.

आता माझ्या चुकीकडे येते.

माझ्या वर्गात अश्विनी नावाची मुलगी होती. बिलोलीची. वडील एसटीत मेकॅनिक. घरातून शिकायला एवढ्या लांब आलेली ती पहिलीच. दहावीला तालुक्यात वर आली आणि मेडिकलच्या तयारीसाठी लातूरला मुलींच्या हॉस्टेलवर राहायला आली. अबोल, अक्षर सुरेख, माझ्या तासाला खरोखर मराठीचं पुस्तक उघडणाऱ्या तिघींपैकी एक. म्हणून माझा जीव होता तिच्यावर. उन्हाळा असो, पावसाळा असो, डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली. मला वाटायचं, उन्हाला जपते.

ही मुलगी दर गुरुवारी मधल्या सुट्टीत सरांच्या खोलीत जायची आणि पुढचा तासही तिथेच घालवायची. हातात कायम ते एकच जीवशास्त्राचं पुस्तक. फाटलेलं. मागच्या गुरुवारी शिवलेलं या गुरुवारी पुन्हा फाटलेलं! परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. मला राहवेना. मी ग्रंथालयातून तेच पुस्तक नवं कोरं मिळवलं, घरी नेऊन त्याला खाकी कव्हर घातलं, वर तिचं नाव लिहिलं आणि वर्गाबाहेर बोलावून तिच्या हातात दिलं. म्हणाले, "घे. हे काही फाटायचं नाही. आता त्या बायंडिंगच्या खोलीत चकरा नकोत. अभ्यास बुडतो बाळा."

तिने पुस्तकाकडे पाहिलं. "हो मॅडम," म्हणाली. त्या दिवशी घरी जाताना मला फार पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

तीन गुरुवार गेले. व्हरांड्यात सरांनी मला गाठलं. "त्या बिलोलीच्या अक्काचं पुस्तक फाटत न्हाई का आजकाल?"

"नवं दिलंय मी," मी तोऱ्यात म्हणाले.

काही तरी बोलणार असं वाटलं. मग नुसतं "बरं" म्हणाले आणि निघून गेले.

पुढच्या सोमवारी सकाळी नऊला हॉस्टेलच्या बाईंचा फोन आला. अश्विनी पहाटेपासून नाही. मोबाईल खोलीतच. सामान सगळं जागच्या जागी, फक्त पाठीवरची सॅक नाही. हॉस्टेलवाल्यांनी पोलिसांत कळवलं, घरी कळवलं. लातुरात अशा बातम्या आम्ही वाचतो आणि त्या कुठे जाऊन संपतात तेही आम्हाला माहीत असतं. मी सरांच्या खोलीकडे धावत गेले. त्यांनी शेगडी बंद केली, हात पुसले आणि म्हणाले, "चला. नांदेडला जाऊ."

"नांदेड का?"

"चला म्हणलं ना."

मुख्याध्यापकांना पोलिसांजवळ थांबवून आम्ही निघालो. अहमदपूर, लोहा करत एसटी तीन-साडेतीन तास घेते. एवढ्या वेळात ते एवढंच म्हणाले, "मॅडम, तिथं गेल्यावर तुम्ही इचारू नका काहीच." मी होय म्हटलं. खिडकीबाहेर बघत मी रडत होते आणि त्यांनी मला रडू नका असंही म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

नांदेडच्या बसस्थानकात बिलोली-देगलूरच्या गाड्या लागतात त्या बाजूच्या बाकावर अश्विनी बसली होती. मांडीवर सॅक, सॅकवर दोन्ही हात. मी धावत सुटणार होते. सरांनी माझी पर्स धरून मला मागे ओढलं. अगदी सावकाश चालत गेले आणि तिच्या शेजारी बसले, तिच्याकडे न बघता, गाड्यांकडे तोंड करून. मला खुणेने दुसऱ्या बाजूला बसवलं. आम्ही तिघं गाड्या बघत बसलो. एक गाडी गेली, दुसरी लागली, तिचा कंडक्टर 'नरसी, नायगाव' ओरडून ओरडून दमला, तीही गेली.

"अक्का, जेवलीस?"

"न्हाई."

"सॅकीत काय हाय?"

तिने सॅक उघडली. आत एकच वस्तू होती. मी खाकी कव्हर घातलेलं पुस्तक.

सरांनी ते मांडीवर घेतलं, बरोबर मधोमध उघडलं, पाठ उलटी मोडली आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं. स्थानकातली माणसं वळून बघायला लागली. मी तोंडावर हात ठेवला. सरांनी दोन तुकडे तिच्या मांडीवर ठेवले. "मॅडमनं लई मजबूत पुस्तक दिलतं. पण फाटलं बघ."

अश्विनी माझ्याकडे बघायला लागली, आता ओरडा बसणार अशा नजरेने. त्या नजरेने मला सगळं कळलं, एकदम, लख्ख. पुस्तकं का फाटत होती, ती कोण फाडत होतं आणि कशासाठी. आमच्याकडे कुणी समुपदेशकाकडे गेलं की वर्ग विचारतो, "येडं लागलं का गं?" पुस्तक शिवायला गेलं तर कुणी काही विचारत नाही.

"गुरुवारी घेऊन जा सरांकडे," मी म्हणाले. "शिवावं लागेल."

ती रडायला लागली आणि रडता रडता ओढणी सुटली. टाळूवर रुपयाएवढ्या चार-पाच जागांवर केस नव्हते. उपटलेले. अभ्यासाला बसलं की तिचे हात केसांत जायचे आणि तिलाही कळायचं नाही. ओढणीखाली सरकणारा तिचा हात सरांना पहिल्याच दिवशी दिसला होता, हे मला नंतर कळलं. हातात सुई असली की हात डोक्याकडे जात नव्हते, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. आणि ते मी काढून घेतलं होतं, वर खाकी कव्हर घालून.

सरांनी फोन केल्यावर तिचे वडील उलटत्या दुपारी आले, डेपोच्या कपड्यांतच, हाताला ग्रीस. सरांनी त्यांनाही बाकावरच बसवलं, लेकीच्या शेजारी, गाड्यांकडे तोंड करून. मला वाटलं माणूस चिडेल. ते नुसते हात चोळत होते.

"मी कुठं बळजबरी केली, सर? कधी एक शब्द बोललो न्हाई हिला. इचारा."

"हाव," सर म्हणाले. "तिलाच इचारा."

मग अश्विनी समोरच्या गाडीकडे बघत म्हणाली, "पप्पा, तुम्ही काहीच म्हणत न्हाईत, म्हणून मला न्हाई म्हणता येईना. गल्लीतली माणसं आतापासून डॉक्टरीण म्हणायलीत. मला न्हाई बसायचं त्या मेडिकलच्या परीक्षेला."

त्या माणसाने डोळे मिटले. काय काय मिटलं असेल त्याच्या डोळ्यांपुढचं, देव जाणे. मग ग्रीस लागलेला हात लेकीच्या डोक्यावर ठेवायला उचलला, टाळू दिसली तसा मध्येच थांबवला आणि तिच्या पाठीवर ठेवला. "आधी जेव," म्हणाले.

अश्विनी वडिलांबरोबर गावी गेली. परतीच्या गाडीत मी सरांना विचारलं, "तुम्हाला नांदेडच कसं सुचलं?"

"मागं एकदा शिवताना बोलली होती. गाडी बदलायला नांदेडला उतरलं की बरं वाटतंय म्हणली. तिथं कॉलेजबी न्हाई, घरबी न्हाई."

"मला आधी का नाही सांगितलं? मी पुस्तक दिलंच नसतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही वर्गात सांगितलं असतं. चांगल्या मनानंच." ते बरोबर बोलत होते. मी नक्कीच सांगितलं असतं. थोड्या वेळाने ते स्वतःहून म्हणाले, "माझंबी चुकलंच. बोलवून घ्यायला पायजे होतं तिला. पण माझं एक खूळ हाय. मी बोलवत न्हाई कुणाला. बोलवलं की ते लेकरू येत न्हाई, त्याचं नाव येतंय." मग झोपले ते लातूर येईपर्यंत.

अश्विनीने बारावी केली, ती परीक्षा दिली नाही. पुढे बी.एस्सी. झाली, कुठल्याशा बँकेत लागली. केस आले. वडिलांना जे लागलं ते लागलंच. गल्लीत ते बरेच दिवस मान खाली घालून चालायचे असं मी ऐकलं. आणि सरांच्या हातून सगळंच सावरलं, असंही नाही. त्यानंतरच्याच वर्षी रेणापूरचा एक मुलगा दर आठवड्याला यायचा, छान बोलायचा, सर त्याला 'अण्णा अण्णा' करायचे, आणि तो एका दिवशी शाळा सोडून गेला तो गेलाच. कुठे गेला आजवर कळलं नाही. सरांनी त्याचं अर्धं शिवलेलं पुस्तक निवृत्तीपर्यंत दाबाखाली ठेवलं होतं.

सर निवृत्त झाले आणि वर्कशॉप पाडलं. नवं धोरण आलं, नव्या सूचना आल्या. आता आमच्याकडे रीतसर समुपदेशन कक्ष आहे. निळे पडदे, सोफा, भिंतीवर 'मनमोकळं बोला' असं पोस्टर आणि त्याखाली स्कॅन करायचा चौकोन. दोन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण घेऊन मी त्याची प्रभारी झाले. दर महिन्याला पोर्टलवर माहिती भरते. विद्यार्थी संख्या: निरंक. समस्येचे स्वरूप: निरंक. शब्द मोठा सोयीचा आहे. सोफ्यावर धूळ बसते ती शिपाईमावशी झटकतात. मी दमले आहे, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. वर्षागणिक मुलं जास्त हुशार येतात आणि जास्त गप्प येतात, आणि मी त्यांच्या नावांपुढे खुणा करत राहते.

अधूनमधून देगलूरला फोन करते. सरांना मोतीबिंदू झालाय, सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून त्यांचा सगळ्या जगावर राग आहे. फोनवर खुशाली विचारत नाहीत. एकच विचारतात, "पुस्तकं फाटायलीत का?"

"नाही सर. आता मुलं सगळं मोबाईलवरच वाचतात."

"मग वाईट हाय," म्हणतात आणि फोन ठेवतात.

परवा, मधल्या सुट्टीत, मी कक्षात बसून पोर्टल उघडायची वाट बघत होते. दारात अकरावीची एक मुलगी येऊन उभी राहिली. माझ्या वर्गातली नाही, नावही मला माहीत नाही. पोस्टरकडे तिने पाहिलं नाही, सोफ्याकडे पाहिलं नाही. हातातलं पुस्तक पुढे केलं.

"मॅडम, पुस्तक फाटलंय. इथं शिवून देतात म्हणे."

कुणी सांगितलं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. पुस्तक हातात घेतलं. नवंच होतं, कोपरे अगदी टोकदार. आणि फाटलं होतं बरोबर मधोमध, सरळ.

माझ्या पाठीमागच्या कपाटात, ग्रंथालयात जागा नाही म्हणून ठेवलेल्या, त्याच पुस्तकाच्या सात कोऱ्या प्रती होत्या. कपाटाचं दार उघडंच होतं आणि तिला त्या दिसत होत्या. मी उठले, दार लावलं, कुलूप घातलं. मग दोन खुर्च्या ओढून खिडकीकडे तोंड करून ठेवल्या.

"बस अक्का," मी म्हणाले. "मला नीट शिवता येत नाही. वेळ लागेल."